चार गेम, एक पेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरी ही पेटी बघायला येणारे बहुतेक जण तेच प्रश्न विचारतात. काही जणांना स्वतःची बनवायची असते, काहींच्या माळ्यावर लहानपणीचा व्हिडिओ गेम पडून असतो. सगळ्यांसाठी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

ही पेटी म्हणजे नेमकं काय?

प्लायची, ६२ सेंटिमीटर लांब, ३८ रुंद आणि २० उंच अशी पेटी. आत चार जुने व्हिडिओ गेम बसवलेले आहेत. बाहेर भिंतीकडे जाणारी एक वायर, टीव्हीकडे जाणारी एक वायर, समोर एक चक्री आणि एक बटण. चक्री फिरवून गेम निवडायचा, बटण दाबायचं, वरून कॅसेट लावायची. एवढंच.

पण वेगवेगळे ठेवले तर बिघडलं काय? एकत्र करायचा खटाटोप कशासाठी?

ऑगस्ट २०१९ मुळे. कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते वर्ष. सांगलीकरांना त्याहून जास्त सांगायला नको. आमचे गेम तळमजल्यावर टीव्हीखालच्या कपाटात होते. घरातली माणसं, कागदपत्रं, धान्य वर नेण्यात रात्र गेली. या वस्तू वर न्यायच्या म्हणजे चार यंत्रं, चार अ‍ॅडाप्टर, सात-आठ रिमोट आणि वायरींचं जंजाळ. कुणी हात घातलाच नाही, आणि ते बरोबरच होतं.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा कृष्णेचा काळा गाळ कॅसेटच्या खाचेत घट्ट बसला होता. तांब्याच्या बारीक पट्ट्यांमधली फट दिसत नव्हती, नुसती एकसंध चिकट रेघ. मी ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं, एकेक पट्टी करत मोकळी केली. चारपैकी तीन यंत्रं वाचली, त्या वेळचं प्लेस्टेशन टू गेलं.

तेव्हा ठरवलं की या सगळ्याला मिळून दोन मुठी हव्यात. दोन माणसांनी धरायचं आणि जिना चढायचा. पेटीतला प्रत्येक निर्णय त्या एका गोष्टीवरून झाला आहे. रोजचा फायदाही आहेच: पूर्वी गेम लावायचा म्हणजे अर्धा तास वायरी शोधण्यात जायचा, त्यामुळे लावलाच जायचा नाही.

पुरात भिजलेलं यंत्र खरंच वाचतं का?

वाचू शकतं, पण भिजल्यावर एकदाही चालू केलं नाही तरच. चालू होतंय का ते बघायचा मोह आवरा. ओल्या बोर्डात वीज गेली की पाण्यातले क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खायला लागतात, आणि आयसी (बोर्डावरची चिप) जाण्यासाठी एक क्षण पुरतो. यंत्र खोला. बोर्डावर बॅटरी असेल तर आधी काढा. स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं. सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा, उन्हात नको, प्लॅस्टिक वाकतं. अ‍ॅडाप्टर मात्र धुवून वापरू नका. त्यात थेट २३० व्होल्ट येतात. भिजला की फेकून द्या.

आत कोणकोणती यंत्रं आहेत?

एक, नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी होता तो 'टीव्ही गेम'. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ मध्ये फॅमिकॉम काढला, त्याची ही तैवान-चीनकडची नक्कल. ६० पिनांची कॅसेट लागते ती हीच. दोन, सेगा मेगा ड्राइव्ह टू. १९९५ मध्ये शॉ वॉलेसनं मेगा ड्राइव्ह भारतात विकायला घेतला तेव्हा किंमत १८,००० रुपये होती. त्या काळात आमच्यासारख्या घरांना ती परवडण्यातली नव्हती, माझा बऱ्याच वर्षांनी जुना घेतलेला आहे. तीन, सुपर निन्टेंडो, मामांनी आखातातून आणलेलं, पॅल प्रकारचं, म्हणजे आपल्या टीव्हींच्या पद्धतीचं. चार, प्लेस्टेशन टू, नंतरचं पातळ मॉडेल, पुरानंतर घेतलेलं.

पहिलं प्लेस्टेशन का नाही?

कारण प्लेस्टेशन टू पहिल्याच्या जवळजवळ सगळ्या सीडी चालवतं. पेटीत जागा मोलाची असते. मात्र जुन्या गेमचं सेव्ह ठेवायला पहिल्या प्लेस्टेशनचंच मेमरी कार्ड लागतं, टूचं ८ एमबीचं कार्ड त्या गेमना चालत नाही. बनवायला बसण्याआधी कोणतं यंत्र दुसऱ्याचं काम करतं हे बघाच, एखादं कमी होतं.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर यातले बहुतेक गेम चालतात, मग एवढं कशाला?

फक्त गेम खेळायचे असतील तर पाय घ्या, मनापासून सांगतो. स्वस्त पडेल आणि खिशात मावेल. मला ती कॅसेट खाचेत बसतानाचा आवाज आणि तो मूळ रिमोट हवा होता. माझ्या आतेभावाबरोबर ज्या यंत्रावर उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या, तेच यंत्र चालू ठेवायचं होतं.

यंत्रं मूळ डब्यातून काढून नुसते बोर्ड बसवले तर पेटी लहान होईल ना?

होईल. मी तसं केलं नाही आणि तुम्हीही शक्यतो करू नका.

पहिलं कारण, कॅसेटची खाच. बोर्ड खाली आणि खाच वर न्यायची तर फॅमिकॉमच्या ६०, मेगा ड्राइव्हच्या ६४ वायरी लांबवाव्या लागतात. या वायरींवरून सेकंदाला लाखो वेळा सिग्नल बदलतो. रिबन वायर जरा लांब झाली की शेजारच्या वायरी एकमेकींत बोलायला लागतात, चित्रात कचरा येतो, गेम अधूनमधून अडकतो. दोष कुठे आहे ते मग सापडत नाही. मी एक रिबन करून बघितली होती, वीतभर लांब. चार कॅसेट लागल्या, पाचवी लागेना. काढून टाकली.

दुसरं कारण, ही यंत्रं पुन्हा बनणार नाहीत. माझ्या पेटीतलं प्रत्येक यंत्र चार स्क्रू काढले की जसंच्या तसं बाहेर येतं. एकाही मूळ डब्याला भोक पाडलेलं नाही, एकाही बोर्डावर सोल्डरिंगचा जास्तीचा डाग दिलेला नाही. त्यासाठी पेटी दहा सेंटिमीटर मोठी झाली तर होऊ दे.

चारही गेम एकाच अ‍ॅडाप्टरवर चालतात का?

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रत्येक यंत्राला काय लागतं ते बघा. मूळ फॅमिकॉमचा अ‍ॅडाप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, पिनचा मधला भाग ऋण. नकलांमध्ये साधारण ९ व्होल्ट असतं, पण धन-ऋण मीटरनं मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मेगा ड्राइव्ह टूला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, पण मधला भाग धन. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधला भाग ऋण. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच यंत्राच्या दोन मॉडेलांत उलट-सुलट. पॅल सुपर निन्टेंडोला ९ व्होल्ट एसी, हो, एसीच. पातळ प्लेस्टेशन टूला ८.५ व्होल्ट डीसी, साडेपाच अँपिअरच्या वर.

मी असं केलं आहे. पहिल्या दोघांसाठी १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एक एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचं डीसी करणारा डबा, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना लावतात तो. त्यातून प्रत्येकाला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारा छोटा बोर्ड), टीव्ही गेमला ८ व्होल्टवर लावलेला, मेगा ड्राइव्हला ९ वर. ८ का, तर आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो. तो ५ व्होल्ट ठेवतो आणि वरचं सगळं उष्णता करून टाकतो. ८०० मिलिअँपिअरला १० व्होल्ट दिले तर ४ वॅट नुसती उष्णता, ८ दिले तर २.४ वॅट. ७ च्या खाली मात्र जाऊ नका, ७८०५ ला स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट लागतात.

प्लेस्टेशन टूचा मूळ अ‍ॅडाप्टर तसाच आत ठेवला आहे. एवढा करंट दुसरीकडून आणण्यात काही मिळकत नाही.

सुपर निन्टेंडोला वेगळा ट्रान्सफॉर्मर. काही जण म्हणतात, आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आहे, डीसी दिलं तरी चालेल. एकटं असेल तर चालतं. पण ब्रिजमुळे यंत्राचा आतला ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू) आणि अ‍ॅडाप्टरचा ऋण यांच्यात एका डायोडचा फरक पडतो, सुमारे ०.७ व्होल्ट. त्याच एसएमपीएसवर मेगा ड्राइव्हही असेल आणि दोघांच्या टीव्हीच्या वायरींचं ग्राउंड एकत्र असेल, तर परतीचा करंट डायोडऐवजी त्या बारीक एव्ही वायरीतून जायला लागतो. वायर गरम होते, चित्रात गुणगुण येते. ट्रान्सफॉर्मर वेगळा ठेवला की प्रश्न मिटतो.

शेवटचं, २३० व्होल्टचा भाग. तीन पिनांचा सॉकेट, त्यातच फ्यूज, एसएमपीएसच्या पत्र्याला अर्थिंग, आणि हा सगळा भाग प्लायच्या आडव्या फळीनं बाकीच्यांपासून वेगळा. घरच्या विजेचं काम येत नसेल तर एवढा भाग वायरमनकडून करून घ्या. लहान मुलांचे हात या पेटीला लागणार आहेत.

सगळ्यांच्या पिवळ्या वायरी एकत्र बांधून टीव्हीला दिल्या तर? एका वेळी एकच तर चालू असतो.

नाही चालत. बंद यंत्राचं आउटपुटही वायरीला ओझं देतं. व्हिडिओ सिग्नल जेमतेम एक व्होल्टचा, ७५ ओहमचा हिशोब धरून बनवलेला. चार बांधले की चित्र अंधारतं आणि रंग जातात. चालू यंत्राचा सिग्नल बंद यंत्राच्या आयसीतही शिरतो, ते वेगळंच. प्रत्येक वायर स्विचमधूनच जायला हवी.

मग चक्री कशी काम करते?

दोन मजली रोटरी स्विच आहे. त्याचे तीन कप्पे चित्र, डावा आवाज आणि उजवा आवाज निवडतात, चौथा रिले (विजेनं चालणारा स्विच) निवडतो. रिले अशासाठी की असल्या स्विचचे काटे फार थोडा करंट सोसतात, प्लेस्टेशनचे अँपिअर त्यातून नेले तर ते जळतील. चक्री फक्त १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल चालवते, तीस-चाळीस मिलिअँपिअर, आणि रिले यंत्राची खरी वीज जोडतो. कॉइलला उलटा डायोड लावा, १ एन ४००७ चालतो.

चालू यंत्रावर चक्री फिरवायची नाही हा घरातला नियम आहे. आधी बटण बंद, मग चक्री. भाच्यानं एकदा सेव्ह होत असताना फिरवली आणि मेमरी कार्डातलं सगळं गेलं. तेव्हापासून चक्रीवर लाल पट्टी आहे.

चित्रात तिरके पट्टे सरकतात, काय करू?

बहुतेक वेळा बक कन्व्हर्टरचा गोंगाट असतो. त्याच्या आउटपुटला एक छोटी कॉइल आणि ४७० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावा. विजेच्या आणि व्हिडिओच्या वायरी पेटीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या. एवढं करून गेलं नाही तर यंत्रातले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा. तीस वर्षांत त्यांचं आयुष्य संपतं.

सगळ्यांना एकच रिमोट लावता येईल का?

मायक्रोकंट्रोलर मध्ये घालून येतं. मला पटत नाही. मेगा ड्राइव्हच्या गेमला मेगा ड्राइव्हचाच रुंद रिमोट हातात हवा. मी प्रत्येकाच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून समोर आणलं आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. टीव्ही गेमच्या अनेक मॉडेलांना आणि मेगा ड्राइव्हला ९ पिनांचं तेच सॉकेट असतं. दिसायला एक, आतून पूर्ण वेगळं. मेगा ड्राइव्हमध्ये ५ व्होल्ट पाचव्या पिनवर असतात, मी उघडलेल्या टीव्ही गेममध्ये सहाव्या. मेगा ड्राइव्हचा रिमोट टीव्ही गेमला लावला तर त्याच्या आयसीच्या आउटपुटवर थेट ५ व्होल्ट जातात. रिमोट जातो, कधी यंत्रही. म्हणून दोन्ही सॉकेट मी पेटीच्या दोन टोकांना बसवली आणि एकाला पिवळा, एकाला निळा रंग दिला.

टीव्ही कोणता चांगला?

जुना, खोक्याचा. ही यंत्रं त्याच्यासाठीच बनली. नवे एलसीडी टीव्ही हा सिग्नल ओळखायला चुकतात. गेम प्रत्येक वेळी त्याच ओळींवर चित्र काढतो आणि टीव्ही समजतो की एकाआड एक ओळी येत आहेत. मग तो त्या जोडत बसतो, चित्र धूसर होतं आणि बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंत वेळ जातो. बंदुकीनं बदक मारायचा गेम तर एलसीडीवर चालतच नाही, ती बंदूक खोक्याच्या टीव्हीची लुकलुक बघून निशाणा ओळखते.

भंगारात देण्याआधी कुणाचा जुना टीव्ही मिळतोय का विचारा. पण तो उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात.

एलसीडीच असेल तर टीव्हीत गेम मोड लावा, आणि प्लेस्टेशन टूला लाल-हिरवी-निळी अशी कंपोनंट वायर घ्या. फरक लगेच दिसेल.

जपानहून कुणी यंत्र पाठवलं तर थेट लावू का?

अजिबात नाही. जपानात १०० व्होल्ट. आपल्या २३० वर पहिल्याच सेकंदाला जाईल. शिवाय ते ६० हर्ट्झवर चित्र देतं, आपली पॅल यंत्रं ५० वर. पॅलवर बरेच गेम सहाव्या हिश्श्यानं सावकाश चालतात आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. आपण लहानपणी तसेच खेळलो, त्यामुळे मला तोच वेग ओळखीचा वाटतो.

आत तापत नाही का?

सांगलीचा एप्रिल-मे लक्षात घ्या. खाली भोकं, मागे वरच्या बाजूला भोकं, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघते. मागे १२ व्होल्टचा एक पंखा ७ व्होल्टवर चालवला आहे, आवाज येत नाही. प्लेस्टेशन टू त्याच्या स्वतःच्या पंख्यानं मागून हवा फेकतं, त्याच्यासमोर लाकूड येऊ देऊ नका. भोकांना डासांची जाळी.

पेटी कुणी बनवली? कसली?

मिरजेच्या एका सुतारमामांनी. मिरज सतार-तंबोऱ्यांचं गाव, तिथल्या हाताला लाकडाची जाण निराळीच. मामांना गेमशी घेणं-देणं नव्हतं, पण त्यांनी यंत्रं टेबलावर मांडून एकेक हातात घेतलं, वजन बघितलं आणि जड ते मधे, हलकी कडेला असा क्रम स्वतःच लावला. माझा आराखडा उलटा होता. त्यांचं बरोबर निघालं, उचलताना पेटी एका बाजूला झुकत नाही.

१२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, बाहेरून मायका, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. पातळ प्लेस्टेशन टूचं झाकण वर उघडतं आणि बाकीच्यांच्या खाचाही वर, म्हणून चारही एका पातळीत, वरून उघडं. त्यावर बिजागरीचं झाकण. तळाला दोन सेंटिमीटरचे रबरी पाय. सगळं मिळून वजन अकरा किलो.

सामान कुठे मिळतं?

प्लाय, मायका, मुठी सांगलीतच. रिले, रोटरी स्विच, कनेक्टर पुण्यात पासोड्या विठोबापाशी एका फेरीत मिळाले. जुनी यंत्रं आणि रिमोट पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी बघा, पण तिथे चालवून बघता येत नाही हे धरूनच भाव करा. यंत्रं सोडून मला साडेसहा हजार रुपये लागले, त्यातले निम्मे लाकूडकामाचे.

कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारायची ना?

आपण सगळ्यांनीच मारली आहे. पण फुंकरीतला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर बसतो आणि हळूहळू त्या काळ्या पडतात. फुंकरीनंतर लागते ती बहुधा काढून परत बसवल्यामुळे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसा. काडी काळी निघायची थांबेपर्यंत.

जुन्या कॅसेटमध्ये सेव्ह राहत नाही, का?

आत नाण्याएवढी बॅटरी असते, बहुतेक वेळा सीआर २०३२, आणि ती संपलेली असते. पट्ट्यांसकट डाग दिलेली मिळते तीच नवी घ्या. बॅटरीवर थेट सोल्डरिंगची इस्त्री टेकवू नका.

पेटी केल्यावर परत पाणी आलं का?

आलं. जुलै २०२१. पेटी होऊन वर्षही झालं नव्हतं. पाणी चढायला लागलं हे कळल्यावर मी आणि आतेभाऊ दोघांनी मुठी धरल्या, भिंतीतून एक प्लग काढला, टीव्हीची एक वायर काढली, आणि जिन्याची दोन वळणं घेऊन पेटी वरच्या खोलीत. पाच मिनिटंही लागली नाहीत.

कॅसेट मात्र राहिल्या. त्या जुन्या बुटांच्या खोक्यात, कॉटखाली होत्या. पाणी त्या खोलीत वीतभरच आलं, पण खोकं जमिनीवरच होतं. तेवीस कॅसेट मी पुन्हा ब्रशनं एकेक करून धुतल्या, दोन परत चालू झाल्या नाहीत. त्या दिवाळीआधी पेटी घेऊन परत मिरजेला गेलो. मामांनी तळाशी सात सेंटिमीटर उंचीचा एक खण वाढवून दिला, मागून कडी असलेला, म्हणजे जिन्यात उघडणार नाही. खेळून झालं की कॅसेट आता त्यातच जातात.